देही आणि बोगदा

देही देहापासून सर्वथा अलिप्त असतो, हा वेदान्ताचा सिद्धान्त आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की, झरी जामणी तालुक्यातल्या मुकुटबनासारख्या गावी, सातबाऱ्याचा उतारा पडद्यावर उमटण्याची वाट पाहताना त्याची परीक्षा घेता येईल, असे कोणाच्या ध्यानीमनीही नसते. तो उतारा ज्या पत्त्यांच्या आधारे येतो, त्यांपैकी इंटरनेट प्रोटोकॉलच्या चौथ्या आवृत्तीतील पत्ता ३२ बिटांचा, आणि असे पत्ते सुमारे ४३० कोटीच भरतात. म्हणून १९९५ च्या अखेरीस १२८ बिटांच्या पत्त्याची सहावी आवृत्ती प्रसिद्ध झाली. परंतु जुनी वहिवाट एका फर्मानाने मोडत नाही. वाटेवरचे जुने राउटर नव्या पत्त्यास ओळखतच नसल्यामुळे, माहितीचे नवे पाकीट जसेच्या तसे जुन्या पाकिटात घालून रवाना करण्याची, म्हणजे बोगद्याची, युक्ती निघाली.

बाहेरच्या पाकिटाच्या हेडरमध्ये, म्हणजे त्याच्या माथ्यावरच्या नोंदीत, ४१ हा आकडा असतो. पोटात सहावी आवृत्ती आहे, एवढीच ती खूण. पेशवाईतला जासूद मोहोरबंद खलिता न फोडता पोचता करी, तसेच हे मधले राउटर. प्रत्येक पाकिटाला मुक्कामागणिक एकेकाने घटणारी आयुष्याची शिल्लक दिलेली असते. पण बोगद्यात बाहेरच्याने दहा ठाणी ओलांडली, तरी आतल्याची शिल्लक एकानेच घटते. शिणतो तो देह. येथवर वेदान्त्याचाच जय आहे.

मात्र त्या बाहेरच्या कवचाचे हेडर २० बाइट व्यापते, आणि १५०० बाइटांच्या वाटेवर आतल्यास १४८० च उरतात. त्याहून मोठे पाकीट बोगद्याच्या तोंडाशीच नाकारले जाते, आणि ‘लहान होऊन ये’ असा निरोप धाडणाऱ्याकडे जातो. हा निरोपच एखाद्या अतिदक्ष फायरवॉलने अडवला, तर विलक्षण प्रकार होतो: जोडणी जुळते, किरकोळ मजकूर येतो, आणि भरगच्च पान तेवढे अडून राहते, ना नकार, ना खुलासा.

शंकराचार्य अमरुक राजाच्या मृत देहात शिरले, आणि शिष्यांना गाऊन त्यांना स्वरूपाची आठवण द्यावी लागली, अशी कथा आहे. तिचे मर्म मला योगसामर्थ्यात नव्हे, त्या विस्मरणात दिसते. बोगद्यातही देहाने देहीचे एक अक्षरही पालटले नाही, तरी एका वेळी किती बोलावे हे ठरविण्याचा अखत्यार त्याच्याकडे राहिलाच. पारमार्थिक अलिप्तता मान्य करूनही व्यवहारातला हा जकातीचा हिशेब आमच्या भाष्यकारांनी जरा घाईने मिटविला, असे मला वाटते.

आता जिओच्या मोबाइल जाळ्यात तर वाहक सहावी आवृत्ती आहे, आणि चौथीची पाकिटे तिच्यातून जातात. तीही कवच चढवून नव्हे, तर हेडरच पालटून, आणि पलीकडच्या टोकास पुन्हा जुने लावून. त्या पाकिटास देही म्हणावे की देह, याचा निवाडा मी वेदान्त्यांकडेच सोपवितो.