गाडीत काही काम नाही ना, दादा?

“गाडीत काही काम नाही ना, दादा? असेल तर आत्ताच सांगा. नाहीतर मी सगळं ओके धरून चालतो.”

रेवदंड्याला आमच्या घरासमोर माडाच्या सावलीत गाडी उभी होती. बॉनेटवर हात ठेवून मुरूडचा एक मुलगा मला हे विचारत होता. वय तेवीस-चोवीस. वडिलांबरोबर होमस्टे चालवतो. ही त्याची पहिली गाडी असणार होती आणि त्याला हीच हवी होती: टर्बो पेट्रोल, मॅन्युअल गिअर, पळणारी. मी म्हणालो, “तू चालवून बघ ना. गाडी तुझ्यासमोर आहे.”

माझ्या उत्तरात एकही शब्द खोटा नव्हता. पण गाडीचा क्लच स्लिप मारतो हे मला माहीत होतं. त्याचा आलेखच माझ्या खिशातल्या फोनमध्ये होता.

आधी क्लचबद्दल थोडं सांगतो. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील नावाची जड चकती फिरत असते. तिच्याशेजारी क्लच प्लेट आणि त्या प्लेटला मागून दाबून धरणारी प्रेशर प्लेट. पेडल सोडलं की स्प्रिंगच्या जोरावर तिन्ही एकमेकींना घट्ट चिकटतात आणि एकत्र फिरतात. इथे दाते नाहीत, खाचा नाहीत. इंजिनाची सगळी ताकद चाकांकडे जाते ती केवळ घर्षणाच्या भरवशावर. ही पकड किती ताकद पेलू शकते याला एक मर्यादा असते. स्प्रिंगचा जोर, प्लेटचा खरखरीतपणा आणि तिचा व्यास यांवर ती ठरते. गाडी बनवणारे इंजिनाच्या ताकदीपेक्षा ही मर्यादा थोडी वर ठेवतात.

तो ‘थोडी वर’चा भाग मी खाऊन टाकला होता. दोन वर्षांपूर्वी मी इंजिनाचं रीमॅप करून घेतलं. लॅपटॉप जोडला, ईसीयूमधली एक फाइल बदलली, अर्ध्या तासात काम झालं. टर्बो जास्त हवा दाबू लागला आणि टॉर्क २०० न्यूटन-मीटरच्या आसपास होता तो २५०च्या वर गेला. एक पानाही फिरवावा लागला नाही. पोटापाण्यासाठी मी कोड लिहितो. कोड बदलला की क्षमता वाढते, हे माझ्या धंद्यात बऱ्याचदा खरं असतं. क्लच प्लेटला मात्र कोणी विचारलं नव्हतं.

पहिल्यांदा शंका आली ती कार्ले खिंडीत. पुण्याहून पेण, वडखळ, पोयनाड करत घरी येत होतो. चढाला चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला, इंजिन ओरडलं, काटा वर गेला आणि गाडी मात्र होती तेवढ्याच वेगाने चालत राहिली. मग जळका वास आला. एकदा तो वास घेतला की विसरता येत नाही.

घरी येऊन सोप्या गोष्टी आधी तपासल्या. पेडलखाली मॅट अडकलंय का, पेडल पूर्ण वर येतंय का, त्याला थोडा मोकळा खेळ आहे का, क्लचचं तेल ठीक आहे का. सगळं ठीक. मग एक साधा ओबीडी अडॅप्टर लावून फोनवर आकडे घेतले. यामागचं तर्कशास्त्र सरळ आहे. गिअर तोच असेल तर इंजिनाचे फेरे आणि गाडीचा वेग यांचं गुणोत्तर बदलता कामा नये. माझ्या गाडीत पाचव्या गिअरला ताशी ८० किलोमीटरला २४०० फेरे होते. म्हणजे गुणोत्तर ३०. पाय पूर्ण दाबल्यावर फेरे ३१०० झाले आणि वेग फक्त ८४. गुणोत्तर ३७च्या जवळ. मधले जवळपास सहाशे फेरे कुठे गेले? घर्षणात. उष्णता होऊन. आणि प्लेट तापली की पकड आणखी सुटते, पकड सुटली की प्लेट आणखी तापते. हे दुखणं स्वतःहून बरं होत नाही.

पण हा दोष फक्त वरच्या गिअरमध्ये, पूर्ण ताकद मागितली तरच दिसत होता. त्या दिवशी मुलाने गाडी चौल नाक्यापर्यंत नेऊन आणली. वाड्यांमधले अरुंद रस्ते, गतिरोधक, समोरून येणारी एसटी. चाळीसच्या वर वेग गेलाच नाही. त्याच्या मित्राने नेहमीची परीक्षाही घेतली: हँडब्रेक ओढायचा, वरचा गिअर टाकायचा, क्लच सोडायचा. प्लेट पार गेली असेल तर इंजिन चालूच राहतं. आमचं इंजिन धक्का देऊन बंद पडलं. “क्लच एकदम ओके,” मित्र म्हणाला. मी ऐकत होतो. त्याची परीक्षा इतका बारीक दोष पकडू शकत नाही, हे तिथे फक्त मला ठाऊक होतं.

मुलाने दहा हजार टोकन दिलं. रविवारी बाकीचे पैसे आणि कागदपत्रं असं ठरलं.

रात्री झोप आली नाही, तेव्हा मी कायदा वाचत बसलो. मला खरं तर सुटका हवी होती आणि ती पहिल्याच ओळींत मिळेल असं वाटलं. भारतीय करार कायदा, १८७२. कलम १७ मध्ये फसवणुकीची व्याख्या आहे आणि तिच्या स्पष्टीकरणात म्हटलंय की समोरच्याच्या निर्णयावर परिणाम करणाऱ्या गोष्टीबद्दल नुसतं गप्प बसणं ही फसवणूक नव्हे. पुढे काही अपवाद आहेत आणि ते समजावून सांगायला उदाहरणं दिली आहेत, घोड्याची. लिलावात एक माणूस खोड असलेला घोडा विकतो आणि काही बोलत नाही. ही फसवणूक नाही. पण घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल तर? मग त्या नात्यामुळे सांगणं हे त्याचं कर्तव्य ठरतं. आणि तिसरं उदाहरण: घेणारा म्हणतो, तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा निकोप आहे असं मी धरून चालेन. विकणारा गप्प राहतो. इथे गप्प राहणं म्हणजे बोलणंच.

मी फोन उलटा करून ठेवला. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्यात मुरूडचा मुलगा माझ्यासमोर उभा होता, जवळजवळ त्याच शब्दांसकट.

घोड्यांचे सौदे आमच्या भागाला नवे नाहीत. चौल हे जुनं बंदर. अरबस्तान-इराणकडून समुद्रमार्गे येणारे घोडे इथे उतरत. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी इथेच उतरला, विकायला आणलेला एक घोडा घेऊन. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे, शाळेत असताना आम्ही त्याच्याजवळ खेळायचो. तो घोडा जुन्नरच्या सुभेदाराने हिसकावला, मग परत मिळाला आणि शेवटी बिदरला विकला गेला. निकितिनने प्रवासाच्या नोंदींत एक कडवट तक्रार लिहून ठेवली आहे. इथे आपल्या देशाच्या कामाचा भरपूर माल मिळतो असं ज्यांनी सांगितलं त्यांनी आपल्याला फसवलं, अशी. इतक्या शतकांनंतर त्याच्या प्रवासातलं मला हेच आधी आठवतं.

या प्रश्नावर त्याच्याही खूप आधी वाद झालेला आहे. रोमन विचारवंत सिसेरोने इसवी सनपूर्व ४४ मध्ये कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात एक माणूस घर विकतोय. बाहेरून घर छान, पण लाकूड कुजकं आणि खोल्यांमध्ये साप निघतात. हे फक्त मालकाला माहीत आहे. सांगावं का? डायोजिनीस म्हणतो, त्याने कोणावर जबरदस्ती केली? घेणाऱ्याला डोळे आहेत. आपल्याच मालाचे दोष कोण ओरडून सांगतं? अँटिपेटर म्हणतो, सांगितलंच पाहिजे. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूने जातो आणि मला सर्वात उपयोगी पडलेली गोष्ट सांगतो. प्रत्येक मौन म्हणजे लपवणं नव्हे. पण जे कळणं दुसऱ्याच्या हिताचं आहे ते त्याला कळू नये, असं आपल्या फायद्यासाठी आपल्याला वाटत असेल, तर ते लपवणं.

मी स्वतःला दिलेली कारणं या फूटपट्टीने मोजून पाहिली.

पहिलं कारण: तो हळू चालवेल, दोष कधी दिसणारच नाही. हे खोटं होतं. हळू चालवणारा माणूस ही गाडी घेत नाही. आणि हा दोष दिसतो कधी? वडखळच्या रस्त्यावर डंपरला ओव्हरटेक करताना, समोरून दुसरा येत असताना, जेव्हा पाय पूर्ण दाबला जातो तेव्हा. बाकी वेळ क्लच नीट वागतो. ज्या क्षणी ताकद लागते नेमका त्याच क्षणी तो दगा देतो. हे लक्षात आल्यावर पैशांचा मुद्दा मागे पडला.

दुसरं कारण: जुन्या गाड्यांच्या बाजारात सगळे असंच करतात, किमतीत ते धरलेलं असतं. असेलही. पण त्या मुलाने जी किंमत कबूल केली ती चांगल्या क्लचच्या गाडीची होती. त्याने बाजारावर नाही, माझ्यावर विश्वास ठेवून विचारलं होतं.

तिसरं कारण: तपासणं ही घेणाऱ्याची जबाबदारी. हे मला निम्मं पटतं. टायरची झीज, दारावरचा ओरखडा, खडखडणारं सस्पेन्शन हे ज्याला दिसतं त्याने पाहावं. पण जे त्याला शोधता येणार नाही आणि मी शोधून ठेवलंय, त्याबद्दल ‘तू बघ’ म्हणण्यात काय अर्थ? कार्ले खिंडीच्या आधी ही गाडी विकली असती तर मी निर्दोष होतो. आलेख काढला त्या दिवसापासून नव्हतो. आमच्या कंपनीत सॉफ्टवेअर ग्राहकाला देताना ज्ञात दोषांची यादी जोडतो. त्यात कोणाला लाज वाटत नाही. लाज वाटते ती यादीत नसलेला दोष आपल्याला आधीच माहीत होता हे उघड झाल्यावर.

आणि ‘दादा’. आपल्याकडे रिक्षावाल्यालाही दादा म्हणतात, त्याने कोणी भाऊ होत नाही. पण कायद्यातल्या लिलावातला अनोळखी माणूस आणि पोटची मुलगी, या दोहोंच्या मध्ये कुठेतरी हा शब्द येतो. कुठे, ते ज्याला हाक मारली त्याने ठरवायचं असतं.

शनिवारी सकाळी मी त्याला फोन केला. सगळं सांगितलं: रीमॅप, खिंड, आलेख. म्हणालो, क्लच बदलून देतो किंवा तेवढे पैसे कमी कर, किंवा टोकन परत घे. तो गप्प राहिला. मला वाटलं आभार मानेल. त्याने विचारलं, “मग दादा, मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याने टोकन परत घेतलं. मला ते योग्यच वाटलं. खरं बोलायला दोन दिवस उशीर केलेल्या माणसाने आणखी काही दडवलं नसेल, हे त्याने कशावरून मानायचं?

पुढच्या आठवड्यात अलिबागच्या मिस्त्रींनी गिअरबॉक्स उतरवला. प्लेट काचेसारखी गुळगुळीत झाली होती, फ्लायव्हीलवर उष्णतेचे निळसर डाग. काकांनी आधी इंजिनामागचं ऑईल सील बोट फिरवून पाहिलं. तिथून तेल गळून प्लेटवर आलं असेल तर नुसती प्लेट बदलून उपयोग नाही, नवीनही तशीच जाईल. सील कोरडं होतं. “म्हणजे गाडीचा दोष नाही,” ते म्हणाले आणि माझ्याकडे बघून हसले. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट टाकला, फ्लायव्हीलचा पृष्ठभाग घासून घेतला. ईसीयूमध्ये मूळ फाइल परत टाकली. पहिले काही शे किलोमीटर जोर न देता चालवा, असं काकांनी बजावलं. नव्या प्लेटला फ्लायव्हीलशी जमवून घ्यायला तेवढा वेळ लागतो.

गाडी नंतर पनवेलच्या एका गृहस्थांनी घेतली. त्यांना मी एक कागद दिला: रीमॅप केव्हा केलं, केव्हा काढलं, क्लच का गेला, काय काय बदललं. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, “एवढं सांगताय म्हणजे अजून काहीतरी असणार.” त्यांनी पंधरा हजार कमी केले. मी घासाघीस केली नाही.

मुरूडच्या मुलाचा नंबर अजून फोनमध्ये आहे. पूर्वी मला वाटायचं की त्या दिवशी मी उत्तर टाळलं आणि दोन दिवसांनी दिलं. तसं नाही. उत्तर मी माडाखालीच दिलं होतं, आणि ते खोटं होतं.