वासनिकाच्या घरातील मूषकनिवारण आणि अहिंसाविचार

अहिंसा हा आपल्या आचारधर्माचा पाया आहे, हे पंथातील लहान मुलासही ठाऊक असते. परंतु ठाऊक असलेली गोष्ट आचरणात कोठवर उतरली आहे, याची परीक्षा बहुधा घराच्या कोनाकोपऱ्यांतच होते. वाघास मारू नये, हे मान्य करावयास कोणासच अडचण पडत नाही. कारण वाघ आपल्या दारी येत नाही. उंदीर मात्र रोज येतो. म्हणून प्रस्तुत लेखात उंदरांच्या निवारणाचा विचार करण्याचे योजिले आहे. विषय क्षुद्र वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या सद्गृहस्थांनी तो पुढे ठेवला, त्यांच्या मनाची व्यथा क्षुद्र नव्हती.

हे वासनिक सद्गृहस्थ परभणी जिल्ह्यात गोदाकाठच्या एका गावी राहतात. शेतीपंपाच्या जळालेल्या मोटारी पुन्हा बांधून देणे हा त्यांचा व्यवसाय असून घरामागील पडवीतच त्यांनी कारखाना थाटला आहे. तांब्याच्या तारेची वेटोळी, खाचांत घालावयाचा जाड कागद, सुती फीत, बांबूच्या पट्ट्या, वार्निशचे डबे, असा सगळा पसारा तेथे असतो. त्याच पडवीत सोयाबीनची पोती रचलेली आणि भिंतीला लागून बाहेर कडब्याची गंजी. पिके निघाली की शिवारातील उंदीर घरांकडे वळतात. आणि नेमक्या त्याच सुमारास गहू-हरभऱ्याच्या पाण्यासाठी मोटारींच्या कामाची गर्दी होते. पाण्यात बुडणाऱ्या मोटारीच्या तारेवर प्लॅस्टिकचे मऊ आवरण असते. एका वेटोळ्याचे आवरण उंदरांनी कुरतडले होते. ते ध्यानात न येता मोटार बांधली गेली, बोअरमध्ये उतरली आणि चार दिवसांत जळाली. शेतकऱ्याच्या हरभऱ्याची एक पाळी चुकली. या सद्गृहस्थांनी मोटार पदरमोड करून पुन्हा बांधून दिली आणि त्याच रात्री पिठाच्या गोळ्यांत झिंक फॉस्फाईड कालवून पडवीत ठेवले.

पुढे दुर्गंधी सुटली म्हणून त्यांनी पेटी सरकविली. मागे कागदाच्या चिंध्यांचे घरटे आणि त्यात अंगावर केसही न फुटलेली सहा पिल्ले मरून पडलेली आढळली. आई विषाने गेली होती. पिल्ले भुकेने गेली. ते मजकडे आले, दंडवत घातला आणि म्हणाले, “बाबा, श्रीचक्रधर स्वामींनी सशाला राखले, हे मी मुलांना सांगत असतो. आता ती लीळा कोणत्या तोंडाने सांगू? आणि हेही सांगा, की विष घातले नसते तर पोट कसे भरले असते?”

या प्रश्नाचे दोन्ही भाग खरे आहेत. पहिल्या भागाचे उत्तर देऊन दुसरा टाळणे हे उपदेशकाचे सोपे काम. पण ते न्यायाचे नव्हे.

अशा प्रसंगी मन ज्या पळवाटा काढते, त्या आधी पाहू. पहिली अशी की, उंदीर उपद्रवी आहे, म्हणून त्याचा वध हा दोष नाही. परंतु उपद्रव हा आपल्या बाजूने दिलेला शब्द आहे. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात. ते झिजविले नाहीत तर त्यास खाणेही अशक्य होते. तार, लाकूड, कागद हे सर्व तो या देहधर्माने कुरतडतो. शेतकऱ्याच्या हरभऱ्याशी त्याचे वैर नाही. आपल्या तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार पदार्थ मानिले आहेत. उंदराच्या देहातील जीव आणि आपल्या देहातील जीव यांत पदार्थभेद नाही. दोन्ही अनादि अविद्येने बांधलेले आहेत. भेद आहे तो देहाचा आणि देहामुळे लाभलेल्या योग्यतेचा. विचार करण्याची योग्यता आपणांस मिळाली, यावरून आपला जबाबदारीचा वाटा मोठा ठरतो, अधिकाराचा नव्हे.

दुसरी पळवाट अशी की, विषाने मारले, मी मारले नाही. योगशास्त्राने हिंसेचे स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली आणि संमती दिलेली असे तीन प्रकार सांगून ही वाट केव्हाच बंद केली आहे. शिवाय विषाचे काम कसे चालते, हे जाणून घेण्यास मनुष्य टाळाटाळ करतो. झिंक फॉस्फाईड पोटातील आम्लाशी मिळताच विषारी वायू निर्माण होतो आणि प्राणी तडफडत मरतो. माणसाच्या पोटात गेल्यास त्यावर नेमका उतारा नाही. ब्रोमॅडिओलोनने रक्त गोठण्याची शक्ती जाते आणि आतल्या आत रक्तस्राव होऊन कित्येक दिवसांनी मरण येते. गोंदाच्या पाटीवर चिकटलेला उंदीर तर जिवंतपणीच आपली कातडी सोलून घेतो. विष खाल्लेला उंदीर घुबडाने किंवा मांजराने खाल्ला, तर त्यांसही बाधा पोहोचू शकते. ज्यांच्याकडून उंदरांची संख्या स्वभावतःच मर्यादेत राहावयाची, तेच प्राणी आपण कमी करतो. किडे खाऊन राहणारी चिचुंद्री तर उंदीर समजून विनाकारणच मारली जाते.

आता सशाच्या लीळेचा विचार. मागे शिकारी आणि कुत्री लागलेला ससा स्वामींच्या मांडीखाली येऊन दडला. शिकाऱ्यांनी तो मागितला. स्वामींनी शरण आलेला जीव दिला नाही. परंतु त्यांनी शिकाऱ्यांचाही धिक्कार केला नाही. निरपराध जीवास का मारावे, असा विचार त्यांच्यापुढे ठेवला आणि त्यांचे मन हिंसेपासून वळविले. कित्येक वेळा ही लीळा सांगताना आपण केवळ ससा वाचला एवढेच सांगतो. त्या दिवशी शिकारीही वाचले, हा तिचा दुसरा अर्धा भाग आहे. त्या सद्गृहस्थांस मी म्हटले, “ही लीळा आता तुम्ही अवश्य सांगा. आजवर तुम्ही सशाच्या बाजूने सांगत होता. यापुढे शिकाऱ्याच्या बाजूनेही सांगाल.”

परंतु पोटाचा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर शोधताना मला आचारातील एका गोष्टीचे स्मरण झाले. भिक्षुकास संग्रह वर्ज्य आहे. त्याच्या झोळीत उद्याचे अन्न नसते, म्हणून त्याच्या बिछान्याशी उंदीर येत नाही. यात भिक्षुकाची थोरवी नाही. जेथे साठा नाही तेथे उंदरास काही काम नाही, एवढाच अर्थ. गृहस्थास साठा सुटत नाही, आणि सुटू नये. त्याच्या साठ्यावर मुलेबाळे आणि भिक्षुकही जगतात. परंतु साठा करणे आणि साठा उघडा टाकणे यांत अंतर आहे. पडवीतील उंदीर तारेसाठी आला नव्हता. तो सोयाबीनसाठी आला, कडब्याच्या आडोशाने आला, दाराखालच्या फटीतून आला. तार त्याच्या वाटेत पडली. माझ्या मते या प्रकरणातील हिंसेचा आरंभ विषाच्या गोळीपाशी नाही. दार उघडे ठेवून पाहुणा बोलाविला आणि तो जेवावयास बसल्यावर त्याच्या ताटात विष वाढले, असा हा प्रकार झाला. दोष आळसात आरंभला आणि विषात पुरा झाला.

म्हणून गृहस्थाने ‘मारण’ आणि ‘निवारण’ हे दोन शब्द मनात वेगळे ठेवावेत. निवारण म्हणजे येऊ न देणे. लहान उंदीर पेन्सिलीएवढ्या फटीतूनही आत शिरतो, हे ध्यानी धरून जाळीची छिद्रे सहा मिलिमीटरहून मोठी नसावीत. दाराच्या तळाशी पत्र्याची पट्टी ठोकावी. धान्य कारखान्याच्या जागेतून काढून पत्र्याच्या कोठीत घालावे. तारेची वेटोळी व सुती फीत झाकणाच्या डब्यात ठेवावी. कडब्याची गंजी भिंतीपासून दूर रचावी आणि पेट्या भिंतीपासून हातभर अलीकडे, उंच पाटावर ठेवाव्यात, म्हणजे मागे काय चालले आहे ते झाडताना दिसेल.

बिळे बुजविण्यातही विवेक हवा. आत जीव असता बीळ लिंपणे म्हणजे त्यास जिवंत गाडणे होय. आधी बिळाच्या तोंडी कागदाचा बोळा हलकेच बसवावा. काही दिवस तो जागचा हलला नाही, तरच सिमेंट लावावे. पिल्ले असल्यास सुमारे तीन आठवडे थांबावे. तेवढ्या काळात ती आईच्या दुधावाचून जगू लागतात. माल डब्यात गेला असेल, तर या तीन आठवड्यांत धंद्याचे नुकसान होण्याचे कारण नाही.

पिंजऱ्याविषयी विचारले जाते. पिंजऱ्यात जिवंत धरून सोडणे विषाहून बरे; परंतु तेही निर्दोष समजू नये. पिंजरा लावून विसरला, तर उंदीर तहानेने मरतो. दुसऱ्याच्या शेतात सोडला, तर आपला उपद्रव शेजाऱ्यास दिला. अनोळखी जागी सोडलेले कित्येक उंदीर जगतही नाहीत. आणि दार बंद न करता पिंजरे लावीत राहिल्यास एकाच्या जागी दुसरा येणारच. मांजर स्वभावानुसार शिकार करते, तो तिचा देहधर्म. परंतु उंदीर मारावेत या हेतूनेच ती पाळणे हे ‘करविणे’ या सदरात पडते, हे झाकू नये.

येथे एक कठीण प्रसंगही लक्षात घ्यावा लागेल. ऑगस्ट १९९४ मध्ये आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळल्याचे वृत्त आले आणि सारा मराठवाडा भयभीत झाला. अशा वेळी मनुष्यप्राण वाचविण्याचे कर्तव्य ज्यांच्याकडे आहे, त्यांना उंदीर मारावे लागले, तर त्यांस मी निर्दय म्हणणार नाही. तथापि १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने उंदराच्या अंगावरील पिसूंमुळे प्लेग पसरतो हे दाखविले, तेव्हापासून एक गोष्ट कळली आहे की, उंदीर मेला म्हणजे पिसू त्यास सोडून माणसाकडे येतात. म्हणून अशा साथीत आधी पिसूंचा बंदोबस्त करावा लागतो, आणि घाबरून केलेली सरसकट मारामारी रोग वाढवू शकते. पिसूही जीवच आहे. तेव्हा अपरिहार्य प्रसंगी घडलेली हिंसा ही हिंसाच राहते. तिला पुण्याचे नाव देऊ नये. तिच्याविषयी अनुताप धरावा, आणि पुन्हा तशी वेळ येऊ नये म्हणून झटावे.

शेवटी एक गोष्ट लपविणे योग्य होणार नाही. त्या सद्गृहस्थांनी जाता जाता विचारले, “बाबा, आमच्या घरची भाकर तुम्ही भिक्षेत घेता. ज्वारीच्या कोठीपाशीही मी गोळ्या ठेवीत होतो.” या वाक्याने मी निरुत्तर झालो. वर्षानुवर्षे ज्या घरांची भिक्षा घेतली, त्या घरी धान्य कसे राखले जाते, हे मी कधी विचारले नव्हते. न विचारण्यात सोय होती. ती सोय हीसुद्धा एक प्रकारची संमतीच होती, असे आता वाटते. म्हणून त्यांच्यासाठी जे प्रायश्चित्त सुचले, ते दोघांनी मिळून केले. नामस्मरण तर केलेच; पण त्याआधी दोन दिवस त्यांच्या पडवीत बसून मी जाळी धरली आणि त्यांनी खिळे ठोकले.

यंदा त्यांच्या पडवीत उंदीर दिसला नाही, असे नाही. एक दिसला. तो आत कोठून आला हे शोधले, तेव्हा नळाशेजारची एक फट राहिली होती.

दंडवत प्रणाम.