ठोका आणि गळा

नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात हर्रास सुरू व्हायच्या आधी गाणी सुरू होतात. चहाच्या टपरीवर, मालट्रकच्या केबिनमध्ये, हमालाच्या खिशातल्या मोबाइलवर. पुष्कळदा भीमगीत असतं. वामनदादा कर्डकांनी गावोगाव नेलेल्या त्या परंपरेतल्या शब्दांखाली आता ढोलकीऐवजी यंत्राचा ठोका धडधडतो. अनेकांना ते खटकतं. मला नाही. ज्या गाण्यानं माणसाला ताठ उभं केलं, ते आजच्या पोराच्या कानात आजच्या ठोक्यावर शिरत असेल तर शिरू द्यावं. मी एवढंच ऐकत राहतो, की त्या ठोक्याखाली गळा जिवंत आहे ना.

अमेरिकेत या प्रश्नाला एक नाव आहे: वेरा हॉल. अलाबामातली ही कृष्णवर्णीय बाई लोकांचे कपडे धुऊन, स्वयंपाक करून जगली. लोकगीतं जमवणाऱ्या जॉन लोमॅक्स यांनी 1937 मध्ये तिचा आवाज मुद्रित केला. साथीला वाद्य नाही, नुसता गळा. आणि ब्लूज हे कृष्णवर्णीयांचं संगीत ज्या दुःखातून उगवलं तेच दुःख त्यात. 1964 मध्ये ती वारली. पुढं 1999 मध्ये मोबी या संगीतकारानं ‘प्ले’ या अल्बमसाठी तिचा आवाज घेतला, त्याखाली इलेक्ट्रॉनिक ठेका घातला आणि ‘नॅचरल ब्लूज’ जगभर वाजलं. ते गाणं मला मनापासून आवडतं. पण ते गुणगुणणाऱ्या किती जणांच्या ओठी वेरा हॉलचं नाव येत असेल?

ब्लूजमधला एक सूर कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे कुठंतरी हेलकावतो. आंदोलित गंधार ऐकलेल्या आपल्या कानाला ती जागा परकी नाही. सूर नीट करणाऱ्या संगणकाला मात्र ती चूक वाटते. तो त्या सुराला जवळच्या पट्टीवर ओढून बसवतो. लयीचंही तसंच. मिनिटाला 120 ठोके ठरवले की शेवटपर्यंत 120. काम करत गाणाऱ्याची लय अशी नसते. पोतं पाठीवर घेताना श्वास तुटतो, जातं जड झालं की ओळ लांबते. हेलकावा आणि तुटलेला श्वास काढून टाकला, तर मागं राहते ती नुसती चाल.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्याही गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव नोंदवून. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांनी 1996 मध्ये गायलेल्या सीतेच्या वनवासाच्या ओव्या ऐकाव्यात. ब्लूज समजायला मग मिसिसिपीपर्यंत जावं लागत नाही. रानात टाकलेली सीता आणि तिला गाणारी बाई, दोघींचं एकटेपण एकाच आवाजात ऐकू येतं.

विजेची गिरणी गावात आली आणि जात्याबरोबर ओवीही थांबली. विजेनं नेलेलं ते गाणं विजेच्याच वाद्यावर परत येत असेल, तर मला त्याचा आनंदच आहे.

म्हणून कळमन्यातल्या एखाद्या पोरानं हे करून पाहावं असं फार वाटतं. मोबाइलवर ठेका बांधता येतोच त्याला. मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायांपाशी, कामासाठी दुरून आलेल्या मजुरांपाशी त्यांची गाणी असतील. त्यानं आधी विचारावं, मग मुद्रित करावं. गाणाऱ्या मावशींच्या सुराला दुरुस्ती लावू नये. आधी आवाज मांडावा आणि ठोके त्याच्या मागं सरकवावेत. मावशी श्वास घेतील तिथं ठेका थांबवावा. गाणं लोकांपुढं टाकताना पहिलं नाव त्यांचं असावं, आणि पैसे आलेच तर पहिला वाटाही त्यांचाच.