कर्मसाक्षी

सकाळी पावणेसातला एखादा साठीचा गृहस्थ गच्चीवर पालथा पडलेला दिसला, तर शेजारी दोनच तर्क करतात: भुजंगासन किंवा हार्टअ‍ॅटॅक. मी तिथं मोटारीचे फोटो काढत असतो, हा तिसरा तर्क अजून कुणाला सुचलेला नाही. मोटार साडेतीन इंचांची आहे. आमच्याकडे होती तशीच पांढरी फियाट, खरीच्या त्रेचाळिसाव्या हिश्शाची.

सुरुवातीला घरातच टेबललँपच्या उजेडात फोटो काढले. ते खेळण्याचेच दिसत. दिवा हातभर अंतरावर, त्याचे किरण फाकत येतात, सावली नको तितकी ऐसपैस पसरते आणि बिंग फुटतं. सूर्याचं तसं नाही. पंधरा कोटी किलोमीटरवरून येणारे किरण समांतरच मानायचे. त्याच्या लेखी खरी फियाट काय नि माझी फियाट काय, दोघींना तो मापाची सावली देतो! त्यातून सकाळचं ऊन तिरपं, पिवळसर. बॉनेटची गोलाई, दारांच्या फटी, सगळं उठून दिसतं. नऊ वाजले की कारभार आटोपला. टपावर पांढरा डाग पडतो नि चाकं काळोखात जातात. मोबाइल उलटा धरला की भिंग जमिनीलगत, चाकांच्या उंचीवर येतं. वरून पाहिलं की खेळणं, समोरून पाहिलं की वाहन. (आमच्या साहेबांनी मला तीस वर्षं वरूनच पाहिलं, पण तो विषय वेगळा.) धूळ मात्र फुंकायला हवी. एक कण राहिला तरी टपावर दरड कोसळल्यासारखी दिसते.

हे सगळं जमलं आणि तिथंच घोटाळा झाला.

गाडी कठड्यावर, मागे लांबवर खरा गुलमोहर, असा एक फोटो छापून आणला. अण्णांनी तो बराच वेळ पाहिला. अण्णांचं वय एकोणनव्वद. म्हणाले, "बरं झालं, तेव्हा काढून ठेवलास."

तेव्हा म्हणजे १९९४ च्या आधी. त्या साली ती गाडी मी विकली. पेट्रोल आणि गॅरेज, दोन्ही परवडेनात म्हणून. अण्णा त्या दिवशी काही बोलले नाहीत आणि नंतरही कधी गाडीचं नाव काढलं नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली, ती बातमी वाचूनही त्यांनी नुसतं पान उलटलं होतं. आणि आता दोन दिवस त्यांच्या तोंडाला खळ नव्हता! स्टिअरिंगजवळचा गिअर, घाटात तापलेलं पाणी, आईची उलटी.

"अहो, सांगून टाका ना त्यांना," बायको म्हणाली.

"मी खोटं बोललोच कुठं? मी काही बोललोच नाही."

"तेच म्हणतेय मी."

अमेरिकेत मायकेल पॉल स्मिथ नावाचे गृहस्थ होते. २०१८ साली वारले. चोविसाव्या हिश्शाच्या मोटारी खऱ्या झाडांपुढे, खऱ्या उन्हात मांडून त्यांनी 'एल्गिन पार्क' नावाचं नसलेलं गाव फोटोंत वसवलं. पण ती टेबलावरची मांडणी कशी होती, त्याचेही फोटो ते लोकांना दाखवत. म्हणजे कला. मी दाखवली नाही, म्हणजे काय? आपल्याकडे सूर्याला कर्मसाक्षी म्हणतात. माणसाचं बरंवाईट सगळं तो बघतो. इथं तर मापाची सावली त्यानंच पुरवलेली! साक्षीदारच सामील असल्यावर फिर्याद न्यायची कुणाकडे?

तिसऱ्या दिवशी मनाचा हिय्या केला आणि चहा घेऊन अण्णांच्या खोलीत गेलो. त्यांनी फोटो डोळ्यांशी धरला होता.

"काय रे, डाव्या दाराला पोचा होता ना? मीच फाटकाला घासली होती. तो कुठं गेला?"

"ही उजवी बाजू आहे, अण्णा," मी म्हणालो. आणि हे अक्षरशः खरं होतं.

"हां, मग बरोबर," म्हणाले, आणि त्यांनी चहा बशीत ओतला.