भरून येणाऱ्या जखमेचा हक्क

देहाचे रूप स्वेच्छेने बदलावे की नाही, हा प्रश्न धर्मचिंतनात बहुधा शस्त्रक्रियेच्या आधीच्या क्षणापाशीच विचारला जातो. इच्छा योग्य होती की मोहातून आली होती, तिच्यामागे स्वतःचे समाधान होते की दुसऱ्याच्या नजरेचा धाक होता, याचा निवाडा झाला की चर्चा संपली असे मानले जाते. स्तनवर्धन शस्त्रक्रियेच्या, म्हणजे सिलिकॉनचे किंवा क्षारजलाने भरलेले रोपण बसवून स्तनांचा आकार वाढवण्याच्या बाबतीत मात्र नैतिकदृष्ट्या अधिक अवघड काळ टाके घातल्यानंतर सुरू होतो. निर्णयाला विरोध असणाऱ्यांनी आणि तो घेणाऱ्या स्त्रीनेही त्या जखमी देहाशी कसे वागावे, हा तो प्रश्न आहे. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत शीख, लिंगायत आणि वारकरी परंपरा शेजारी शेजारी नांदत आल्या असल्याने त्याचा विचार करण्यास ही भूमी विशेष अनुकूल आहे.

प्रथम हा काळ प्रत्यक्षात कसा असतो ते पाहणे आवश्यक आहे, कारण देहाविषयीचे तत्त्वचिंतन देहाच्या वस्तुस्थितीपासून तुटले की ते केवळ उपदेश उरते. शस्त्रक्रिया सहसा पूर्ण भूल देऊन केली जाते, म्हणून पहिले चोवीस तास जबाबदार प्रौढ व्यक्तीने सोबत असावे लागते. पहिले दोन-तीन दिवस वेदना सर्वाधिक असतात, आणि रोपण छातीच्या स्नायूखाली बसवले असेल तर छाती आवळून धरल्यासारखा ताण जाणवतो. त्वचा काळीनिळी पडते, सूज काही आठवडे टिकते, स्तनाग्रांची संवेदना कमी होते किंवा उलट तीव्र होते, आणि हा बदल बहुतेकींमध्ये हळूहळू निवळत असला तरी काहींमध्ये कायमचा राहतो. पाठीवर, डोके आणि खांदे उंच ठेवून झोपावे लागते, आधार देणारी विशेष ब्रा शल्यचिकित्सक सांगतील तितके दिवस रात्रंदिवस वापरावी लागते, आणि पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून पहिल्या दिवसापासून थोडे थोडे चालावेही लागते. बैठे काम साधारण आठवडाभरात सुरू करता येते. पण वजन उचलणे, हात खांद्याच्या वर नेऊन जोर लावणे आणि कष्टाचा व्यायाम यांना चार ते सहा आठवडे मनाई असते. रोपण सुरुवातीला अपेक्षेपेक्षा वर आणि घट्ट दिसते, दोन्ही बाजू सारख्या वेगाने भरत नाहीत, आणि खरा आकार दिसायला काही महिने जातात. एका बाजूला अचानक वाढलेली सूज, ताप, जखमेतून पू किंवा वाढती लाली, पोटरीत दुखणे, धाप लागणे, ही लक्षणे मात्र वाट पाहण्याची नसतात. तेव्हा तत्काळ डॉक्टरांकडे जावे लागते.

या वर्णनात ठळकपणे दिसते ते असे की भरून येणारा देह इच्छाशक्तीचे ऐकत नाही. नांदेडच्या इतिहासात याचे अत्यंत गंभीर उदाहरण आहे. 1708 साली गुरू गोविंदसिंग गोदावरीकाठी मुक्कामी असताना त्यांच्यावर शस्त्राने वार झाला. शीख परंपरा सांगते की बादशहा बहादूरशहाने पाठवलेल्या शल्यवैद्याने ती जखम शिवली, ती भरू लागली, आणि एक कठीण धनुष्य ओढताना ती पुन्हा उघडली. 7 ऑक्टोबर 1708 रोजी गुरूंनी देह ठेवला, आणि त्यापूर्वी गुरुपद ग्रंथसाहिबाकडे सोपवले. तख्त सचखंड श्री हजूर साहिब या स्थानाचे पावित्र्य त्या घटनेशी निगडित आहे, म्हणून तिचा उल्लेख एका ऐच्छिक शस्त्रक्रियेच्या संदर्भात करताना दोन्ही प्रसंगांची तुलना अभिप्रेत नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. या कथेतून जखमेविषयी जे कळते तेवढेच येथे प्रस्तुत आहे: धैर्य कितीही असले तरी नुकते शिवलेले मांस धनुष्याचा ताण सहन करू शकत नाही. ज्या परंपरेने शौर्याला इतके उच्च स्थान दिले तिनेच ही आठवण न लपवता जपली, ही गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे.

त्याच परंपरेत देहाविषयी एक दुसरी भूमिकाही आहे. खालसा शीख केस कापत नाहीत, कारण ईश्वराने दिलेले रूप जसेच्या तसे स्वीकारणे हा त्याच्या आज्ञेचा, म्हणजे हुकुमाचा, स्वीकार समजला जातो. त्या दृष्टीने केवळ रूपासाठी केलेल्या बदलावर आक्षेप घेतला जाऊ शकतो आणि तो आक्षेप उथळ नाही. लिंगायत विचार वेगळ्या वाटेने जवळपास तेथेच येतो. लातूर जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण ही बाराव्या शतकातील महात्मा बसवेश्वरांची कर्मभूमी. त्यांच्या शिकवणीत देवाला दगडी देवळापेक्षा देहात स्थान आहे, आणि म्हणूनच इष्टलिंग, म्हणजे दीक्षेच्या वेळी मिळालेले लहान लिंग, अंगावर सतत धारण केले जाते. देह हेच देवालय असेल तर त्याच्या रचनेत हात घालण्यापूर्वी थांबून विचार करावा, असे या शिकवणीवरून कोणी म्हणेल. पण त्याच शिकवणीवरून हेही निघते की भंगलेल्या देवालयाची डागडुजी चालू असताना तेथे राबवून घेणे हा देवाचाच अनादर आहे. इष्टलिंगाची पूजा ते डाव्या तळहातावर धरून केली जाते. छातीचा स्नायू शिवलेला असताना हात बराच वेळ तसा धरून ठेवणे जड जाऊ शकते. अशा वेळी हाताखाली आधार घेणे किंवा पूजेचा वेळ आटोपता ठेवणे ही भक्तीतील उणीव मानण्याचे कारण नाही. वारकरी संतांच्या विचारातही देह नश्वर आहे आणि तरीही नरदेह दुर्लभ आहे, ही दोन्ही विधाने एकत्र नांदतात. पहिल्याचा आधार घेऊन दुसरे विसरणे ही सोयीची चूक आहे.

यावर एक मोठा आक्षेप येतो: वार झेलावा लागणे वेगळे आणि जखम मागून घेणे वेगळे. महाराष्ट्रातीलच एक प्रसिद्ध प्रकरण हा भेद समजण्यास उपयोगी पडते. इंग्रज सैन्यातील कावसजी नावाच्या बैल हाकणाऱ्याला टिपूच्या सैन्याने 1792 च्या युद्धात पकडले आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळ वीटभट्टीचा व्यवसाय करणाऱ्या जातीतील एका माणसाने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसवले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर 1794 मध्ये छापलेल्या वृत्तांतात शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला पाच-सहा दिवस पाठीवर निजवून ठेवतात असे नोंदवले आहे, आणि कपाळाला जोडणारी पट्टी कापायला सुमारे पंचवीस दिवस थांबावे लागे. कावसजीला गेलेले परत मिळाले, तर स्तनवर्धनात नसलेले वाढवले जाते. हा फरक खरा आहे. परंतु 1962 साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे प्रथम बसवल्या गेलेल्या सिलिकॉनच्या रोपणाचाच वारसा आज कर्करोगामुळे स्तन काढाव्या लागलेल्या स्त्रियांनाही उपयोगी पडतो. त्या स्त्रीला आणि आकारासाठी शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या स्त्रीला देहाचा उपचार वेगळा लागत असला, तरी सूज, टाके, ताण आणि विश्रांतीची गरज या बाबतीत ऊतींना दोघींची कारणे ठाऊक नसतात. इच्छेची परीक्षा व्हायची ती निर्णयापूर्वी व्हावी. रोपण आयुष्यभर टिकेलच असे नाही, पुढे पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते, त्याभोवती तयार होणारे आवरण कधी कधी आकसून दुखते, आणि खडबडीत पृष्ठभागाच्या काही रोपणांशी एका दुर्मीळ लसिकाकर्काचा संबंध आढळल्याने 2019 साली ती जगभरच्या बाजारातून मागे घेतली गेली, हे सर्व त्या वेळी तिला माहीत असलेच पाहिजे. निर्णयानंतर तोच प्रश्न पुन्हा उकरून सेवा रोखून धरणे म्हणजे विचार नसून शिक्षा होय.

समाज विश्रांती कोणाला देतो, हे पाहिले की ही गोष्ट अधिक उघड होते. मराठवाड्यात बाळंतिणीला सव्वा महिना जपण्याची रीत आहे. शेकशेगडी, डिंकाचे आणि हळिवाचे लाडू, जड कामापासून सुटका, या सगळ्याला विधीचे रूप आहे, म्हणून ती सुटका मागावी लागत नाही. स्तनवर्धनानंतरच्या मनाईचा काळ जवळजवळ तेवढाच असतो, पण त्यासाठी रीत नाही. आणि रीत नसलेल्या शस्त्रक्रियेनंतर काय होते याचा दाखला शेजारच्या बीड जिल्ह्याने दिला आहे, जेथे गर्भाशय काढून टाकलेल्या ऊसतोड कामगार स्त्रियांचा प्रश्न 2019 मध्ये राज्यभर चर्चेत आला. उचल घेतलेली, मजुरी बुडण्याची भीती, मुकादमाचा तगादा, अशा स्थितीत पोटावरचे टाके ओले असताना मोळी उचलण्याची वेळ स्त्रीवर येते. सुखवस्तू घरातील ऐच्छिक शस्त्रक्रिया आणि ही दैना यांत आर्थिक दृष्ट्या अंतर फार मोठे आहे. तरीही दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आढळते, की स्त्रीच्या देहाला विश्रांती तिच्या गरजेमुळे नव्हे, तर इतरांनी मान्य केलेल्या कारणामुळेच मिळावी.

पहिल्या दोन आठवड्यांत आणखी एक संकट मनात उभे राहते. भूल आणि वेदनाशामकांचा परिणाम, अपुरी झोप आणि आरशातील सुजलेले, अनोळखी रूप यांमुळे अनेकींना रडू येते, पश्चात्ताप वाटतो, आणि श्रद्धाळू घरात वाढलेल्या स्त्रीला ही वेदना म्हणजे आपल्या मोहाचे फळ आहे असे वाटू लागते. कर्मसिद्धान्ताचा हा वापर दुर्दैवी आहे. कर्माचे फळ कोणते आणि ते कोणत्या रूपाने येते हे माणसाला दिसत नाही, असे तो सिद्धान्त स्वतःच मानतो. मग तिसऱ्या दिवसाच्या सुजेत न्याय वाचणारा माणूस तो सिद्धान्त पाळत नाही, मोडतो. ही सूज कर्करोगाच्या रुग्णालाही येते. ही उदासी बहुधा काही दिवसांत ओसरते. न ओसरल्यास तिच्यासाठीही डॉक्टरांचीच मदत घ्यावी.

उरतो तो सत्याचा प्रश्न, आणि नांदेड-लातूरसारख्या, जेथे नातेवाईक न सांगता भेटीला येतात अशा गावांत तो सर्वांत बोचतो. पुण्याहून वा हैदराबादेहून कित्येक तासांचा प्रवास करून परतलेली स्त्री ‘प्रवासाने थकले’ एवढेच सांगते, आणि मग हंडा उचलणे, वरच्या फळीवरचा डबा काढणे, लहान मुलाला कडेवर घेणे यांपैकी काहीच नाकारता येत नाही. येथे कारण आणि जखम यांत भेद करावा. शस्त्रक्रिया का केली हे सांगण्याचे बंधन तिच्यावर सासूसाठी, नणंदेसाठी किंवा शेजाऱ्यांसाठी नाही. ते गुप्त ठेवणे असत्य ठरत नाही. छातीची शस्त्रक्रिया झाली आहे आणि सहा आठवडे वजन उचलायचे नाही, हे मात्र घरातील प्रत्येकाला कळले पाहिजे, मुलांनाही. डॉक्टरांपासून काहीही लपवू नये, मग ते चालू असलेले आयुर्वेदिक चूर्ण असो, तंबाखू असो किंवा गरोदर असण्याची शंका असो, कारण यांपैकी प्रत्येकाचा संबंध भूल, रक्तस्राव किंवा जखम भरण्याशी येतो. आणि ज्या सासूला ही शस्त्रक्रिया मनापासून चुकीची वाटते, तिने आपले मत सोडण्याची गरज नाही. तिने त्या सहा आठवड्यांत पाण्याचा हंडा स्वतः उचलावा किंवा मुलाला उचलायला लावावा.