स्तुतीची भट्टी

शास्त्रपाठ : नीतिसूत्रे २७:२१; मार्क १४:३-९



नीतिसूत्रांचा कर्ता सोन्यारुप्याच्या भट्टीशेजारी आणखी एक भट्टी मांडतो. ती आहे स्तुतीची. निंदेत माणसाची पारख होते हे आपण जाणतो. पण स्तुतीतही ती होते, हे सहसा ध्यानात येत नाही. आणि ही पारख दोघांची असते, स्तुती करणाऱ्याची आणि घेणाऱ्याचीही.

पैनगंगेच्या अलीकडे, आदिलाबाद जिल्ह्यात, तामसी आहे. हा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, मग आंध्र प्रदेशात गेला आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. राज्ये बदलली, पण घरांतली मराठी टिकली. तेलुगू आणि गोंडी तिच्या शेजारी नांदतात. इकडे बाळाचे कौतुक झाले की मराठी आई म्हणते, 'दृष्ट लागेल'. तेलुगू शेजारीण म्हणते, 'दिष्टी'. शब्द एकच आणि भीतीही एकच. कालवण चांगले झाले म्हणावे, तर उत्तर येते, 'कशाचं हो, मीठच जास्त पडलंय.' नदीपलीकडचा पाहुणा म्हणतो, 'तेलंगणात राहूनही तुमची मराठी चांगली आहे हो!' त्याचा हेतू चांगला असतो. पण त्या एका 'राहूनही'ने तो यजमानाला त्याच्याच भाषेत परका करून टाकतो.

सौजन्याबद्दल नावाजलेल्या जपानी लोकांची रीत या बाबतीत पाहण्यासारखी आहे. कोणी वाखाणले तर 'छे, छे, तसे काही नाही' असे म्हणण्याचा तेथे जुना प्रघात आहे. सरळ आभार मानणारेही आहेत. पण शिक्षकाला 'आपण छान शिकवलेत' असे म्हणणे तेथे शिष्टाचाराला सोडून वाटते, कारण मग शिष्यच गुरूचा परीक्षक होऊन बसतो. त्याऐवजी तो म्हणतो, 'मला पुष्कळ शिकायला मिळाले.' आणि कोणी खुशाली विचारली, तर उत्तर येते, 'ओकागेसामादे'. या शब्दाच्या पोटात 'सावली' आहे. कोणाच्या तरी छायेत आहोत म्हणून बरे चालले आहे, असा त्याचा भाव. आपण 'तुमच्या कृपेने' म्हणतो, तसाच.

स्तुती कशी करावी, हे पौलापासून शिकावे. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात तो एकेकाचे नाव घेतो आणि त्याने काय केले ते सांगतो. फीबी पुष्कळांना, खुद्द पौलालाही, साहाय्य करणारी झाली. पर्सिस प्रभूमध्ये फार श्रमली. रूफाची आई पौलालाही आईच झाली. तो कोणाला गुण देत नाही. मिळालेल्या उपकाराची पोच देतो. खुशामत आणि स्तुती यांतला फरक हाच. खुशामत पुढे काही मिळावे म्हणून असते. खरी स्तुती आधीच मिळाले म्हणून असते.

आणि स्तुती घ्यावी कशी? हेरोदाने लोकांचा जयघोष स्वतःपाशीच ठेवला, देवाला गौरव दिला नाही, आणि त्याचा नाश झाला (प्रे. कृत्ये १२:२१-२३). बेथानीत एका स्त्रीने प्रभूच्या मस्तकावर मोलवान सुगंधी तेल ओतले. जवळच्यांनी तिला दटावले. प्रभूने मात्र तिची भेट नाकारली नाही. उलट, तिने जे केले त्याची आठवण राहील असे तो बोलला. नम्रता म्हणजे देणाऱ्याचा हात झिडकारणे नव्हे.

आपल्यातच पाहा. १८७८ मध्ये कलकत्त्यास रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. त्या विद्वत्तेचा त्यांनी दागिना केला नाही. विधवांसाठी १८८९ मध्ये शारदा सदन उघडले, केडगावास मुक्ती सदन उभारले आणि पुढे मूळ भाषांवरून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. मिळालेली स्तुती त्यांनी सेवेत खर्चून टाकली.

तेव्हा बंधुभगिनींनो, उपासना संपल्यावर पाळकांना 'संदेश छान झाला' एवढेच म्हणू नका. कोणता शब्द तुमच्या घरी येत आहे, ते सांगा. पत्नीच्या श्रमांबद्दल, वृद्ध आईच्या प्रार्थनांबद्दल जे बोलायचे आहे ते प्रेतविधीच्या दिवसासाठी राखून ठेवू नका; त्या दिवशी ते ऐकायला त्या नसतात. आणि कोणी तुम्हांला चांगले म्हटले, तर दृष्टीला भिऊ नका, हात झटकू नका. आभार माना आणि ते गौरव परात्पराच्या चरणी पोहोचवा. स्तोत्र ९१ ज्या सावलीविषयी बोलते, तिच्यात राहणाऱ्याला दृष्ट कशी लागेल?

प्रभू आपल्या जिभेला खरेपणा आणि अंतःकरणाला नम्रता देवो. आमेन.