सत्य आणि सोबत

आजारी मुलापासून त्याच्या आजाराचे नाव लपवणे, याला प्रेम म्हणावे की भित्रेपणा? हा प्रश्न मला भोईवाड्यातील एका भाड्याच्या खोलीत पडला.

माझ्या पंधरा वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटलेल्या मुलाला वसईहून लोकलच्या गर्दीतून नेणे-आणणे धोक्याचे, म्हणून परळच्या टाटा स्मारक रुग्णालयापासून पायी जाण्याच्या अंतरावर आम्ही ही खोली घेतली. १९४१ साली सुरू झालेल्या या रुग्णालयाकडे जाणाऱ्या रस्त्याला, तेथेच कर्करुग्णांची सेवा केलेल्या डॉ. अर्नेस्ट बोर्जेस या गोवेकर शल्यविशारदाचे नाव आहे. तेथील पदपथावर दूरदूरच्या राज्यांतून आलेले आईबाप मुलांना कुशीत घेऊन बसलेले असतात. त्यांच्यामधून वाट काढताना मी मुलाला सांगत असे, "तुझे रक्त थोडे कमी झाले आहे, एवढेच." 'टाटा' म्हणजे काय हे मुंबईत कोणाला ठाऊक नाही? तरीही मी ते सांगत राहिलो आणि तो ऐकत राहिला.

एके दिवशी भेटीस आलेल्या नातेवाइकांनी त्याच्या उशाशी संत कार्लो अक्युतिसचे चित्र ठेवले. २००६ साली इटलीत निधन पावलेल्या या मुलाला ७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपद बहाल झाले. त्या रात्री माझा मुलगा म्हणाला, "डॅडी, कार्लो माझ्याच वयाचा होता. त्यालाही हेच झालं होतं, आणि तो वाचला नाही. मला सगळं ठाऊक आहे. तुम्हाला रडू येईल म्हणून विचारत नव्हतो."

मी त्याला जपत आहे, असे मी समजत होतो. प्रत्यक्षात तोच मला जपत होता. माझ्या असत्याने त्याच्या आजारावर एकटेपणाचे आणखी एक ओझे घातले होते.

सत्य सांगणे म्हणजे मुलाची आशा हिरावून घेणे, असे आपण मानतो. परंतु सत्यात केवळ मरण नसते. या आजारातून आज अनेक मुले पूर्ण बरी होतात, उपचार मात्र दोन-अडीच वर्षे चालतात, हेही सत्यच आहे. ते मी त्याला सांगितले. "नक्की बरा होशील," असे मात्र म्हणालो नाही. तो विचारील तेवढेच सांगावे, पण जे सांगू ते खरे असावे, एवढा नियम मी स्वतःला घालून घेतला.

गेथशेमनी बागेत प्रभू येशूने आपल्या शिष्यांकडे काय मागितले? दुःखाचा प्याला त्यांनी प्यावा, असे तो म्हणाला नाही. त्यांनी आपल्यासोबत जागे राहावे, एवढीच त्याची इच्छा होती, आणि ते झोपी गेले. मुलाच्या वाटचा प्याला कोणताही बाप पिऊ शकत नाही. जागे राहणे मात्र त्याच्या हाती असते. ज्याच्यापासून आपण तोंड लपवतो, त्याच्यासोबत जागे कसे राहणार? असत्य ही बापाची झोपच होय.

पूर्वी मी आणि त्याची आई, तो झोपल्यावर हलक्या आवाजात जपमाळ म्हणत असू. आता तो आमच्यासोबत म्हणतो. थकून मध्येच थांबला, तर उरलेले मणी आम्ही पूर्ण करतो.